नवरात्रात निम्मी अंडी

रजिस्टरप्रमाणे नवरात्राच्या नऊ दिवसांत कोंबड्यांनी निम्मीच अंडी घातली होती.

मी आकडे पुन्हा तपासले. आदल्या महिन्यात रोज साधारण एकवीसशे. घटस्थापनेला एक हजार चाळीस. दसऱ्याला दोन हजार एकशे दहा.

माझं काम थोडक्यात सांगते. खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपन्या जाहीर करतात, की अमुक वर्षापर्यंत आम्ही फक्त केज-फ्री अंडी वापरू. एरवी अंड्यांसाठीची कोंबडी तारेच्या पिंजऱ्यात आयुष्य काढते. तिच्या वाट्याला फुलस्केप कागदाएवढी जागा येते. केज-फ्री म्हणजे शेडमध्ये मोकळी. खाली भाताचं तूस, बसायला दांडे, अंडी घालायला खोकी. दिलेला शब्द पाळला जातो का, हे आमची दिल्लीतली छोटी संस्था तपासते.

ही कंपनी गुरुग्राममधली, केक-पेस्ट्रीच्या दुकानांची साखळी; रजिस्टर तिला अंडी पुरवणाऱ्या फार्मचं. शंभर टक्के केज-फ्री झाल्याचं तिने वेबसाइटवर लिहिलं होतं. सोमवारी आमची वार्षिक यादी निघणार होती. शब्द पाळणाऱ्यांमध्ये तिचं नाव होतं, आणि ते मागच्या वर्षीच्या माझ्या तपासणीच्या जोरावर.

नवरात्रात इकडे निम्मी गिऱ्हाइकं अंड्याचा केक घेत नाहीत. बेकरीची ऑर्डर घटते, ते ठीक. पण ऑर्डर घटली म्हणून कोंबडी अंडं घालायची थांबत नाही.

गाझियाबादला घरी जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं.

"त्यांनीही घट बसवले असतील," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. शेडमधली अंडी कोणी मोजतच नव्हतं. बेकरीची ऑर्डर बघून उत्पादनाचा रकाना भरला जात होता.

सकाळी विनिता मॅडमना दाखवलं. त्या आमच्या डायरेक्टर.

"यार सुनीता, क्लार्कने आळस केला असेल. सोमवार तोंडावर आलाय."

"फार्मवर जाऊन येते. न कळवता."

"न कळवता? बुरा मानेंगे."

न कळवता जायची मुभा करारात पहिल्यापासून आहे. आम्ही ती कधी वापरली नव्हती. कोणाच्या दारात असं अचानक कसं जायचं, म्हणून चार दिवस आधी फोन करायचा, हा आमचाच रिवाज.

फार्म पानिपतच्या पुढे. मॅनेजर रामपालजी गेटवरच आडवे आले.

"मॅडम जी, फोन तो कर देतीं. शेड में दवाई छिड़की है."

"मास्क आणलाय," मी हिंदीत सांगितलं आणि चालत राहिले.

शेडमध्ये खाद्याची पोती छपरापर्यंत रचलेली. तूस नाही. दांडे भिंतीला टेकवून ठेवलेले. अंड्यांच्या खोक्यांत कोळिष्टकं. कोंबडी एकही नाही. मी पोती मोजायला लागले. पंधरा-वीस मोजल्यावर लक्षात आलं, की ती मोजून काही उपयोग नाही.

कोंबड्या मागच्या शेडमध्ये होत्या. पिंजरे, तीन मजली. नख्या वाढून तारेभोवती वळलेल्या.

"मागच्या वर्षी मी पुढच्या शेडमध्ये कोंबड्या बघितल्या होत्या," मी म्हणाले.

"उस दिन के लिए निकाली थीं जी. आप गईं, वापस डाल दीं." रामपालजींच्या आवाजात लाज नव्हती, थकवा होता. "दो दिन लगते हैं मॅडम. बड़ी मेहनत का काम है."

गाडीत बसून मी मोबाइलवर माझा जुना अहवाल उघडला. 'पक्षी शांत आहेत. माणूस जवळ गेल्यावर पळत नाहीत.' हे मी चांगलं लक्षण म्हणून लिहिलं होतं. त्या पळत नव्हत्या, कारण त्यांना चालायची सवयच नव्हती. दांड्यांची लांबी मी टेपने मोजली होती, सेंटिमीटरपर्यंत. दांड्यावर एकही कोंबडी बसलेली नव्हती, हे डोळ्यांना दिसलं होतं. लिहिलं नव्हतं. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "चलें?" मी अजून अहवालच वाचत होते.

कंपनीच्या खरेदीप्रमुखांना, मेहरांना, फोन केला. ते म्हणाले, "आम्ही तुमच्याच रिपोर्टवर विश्वास ठेवला, मॅडम."

तेवढं खरं होतं.

विनिता मॅडमनी या वेळी वाद घातला नाही. "कंपनीचं नाव काढू. पण मागचा अहवाल चूक होता, हेही छापावं लागेल. तुझ्या नावासकट. विचार करून सांग."

"विचार केलाय. छापा."

सोमवारी यादी निघाली. त्या आठवड्यात दोन कंपन्यांनी आमच्या ऑफिसला मेल केली, की आमच्या तपासणीला दुसरं कोणीतरी पाठवा. मला वाईट वाटलं. त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

साखळीच्या वेबसाइटवरून शंभर टक्के हे शब्द गुपचूप गेले. मला वाटलं, विषय संपला. आठ महिन्यांनी मेहरांचाच फोन आला: दुसरा फार्म घेतलाय, येऊन बघा. तारीख विचारली त्यांनी. मी सांगितली नाही.

गेले तेव्हा शेडच्या दारातच कोंबड्या पायांत आल्या, ओरडत चहूकडे पळाल्या. माझी साडी तुसाने भरली. सगळा हिशेब मांडल्यावर साखळीच्या एकूण अंड्यांपैकी बावीस टक्के केज-फ्री निघाली. मेहरांना 'सुमारे पंचवीस' लिहायचं होतं.

वेबसाइटवर आता बावीस लिहिलेलं आहे.