पंचवीस वर्षं न थांबलेलं घड्याळ

आमच्या घरात घड्याळ एकच होतं आणि ते बहुतेक वेळ समुद्रात असायचं.

म्हणजे बाबांच्या मनगटावर. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामांनी दिलेलं, पाण्यात चालणारं, चावी न लागणारं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की आमची आमटी पातळ व्हायची आणि अख्खं पाचूबंदर गाव बाबांना घड्याळ विकायचा सल्ला द्यायचं. बाबा जाळी विणत ऐकून घ्यायचे. पंचवीस वर्षांत ते एक दिवस थांबलं नाही, एवढी एकच फुशारकी त्यांनी आयुष्यभर मारली.

बाबा गेले. घड्याळ थोरल्या भावाला, आंतोनला, हवं होतं. आईनं ते माझ्या हातात ठेवलं. "ही शिकलेली हाय. कोनापेक्षाबी नीट सांभाळंल."

मी घराण्यातली पहिली बी.कॉम. (हे मी न विचारता सांगते, मासळीबाजारातसुद्धा.)

तिसऱ्याच दिवशी ते ऑफिसात बंद पडलं.

मी कोणाला पत्ता लागू दिला नाही. मोबाइलवर बघून काटे जुळवायचे, तेवढ्या हलवाहलवीत ते चालू व्हायचं, मग आईसमोर मनगट मिरवायचं. असे तीन आठवडे काढले.

बाबांना जाऊन महिना झाल्याची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), रविवारी संध्याकाळी सहाला होती. भाऊ मोबाइल काढू लागला तर आईनं दटावलं, आज बाबाच्या घड्याळावर निघायचं. माझ्या हातावर पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही निवांत चहा घेतला. मिस्सेसाठी आलेल्या मावशीनं वेणी माळली, काढली, पुन्हा माळली. मी पाहिलं: पाच दहा. देवळाची घंटा झाली, तेव्हा ती लवकर वाजवताहेत, असं मी पदवीधराच्या ठाम आवाजात सांगितलं!

आम्ही पोचलो तेव्हा लोक बाहेर पडत होते. फादर म्हणाले, बाबांचं नाव मी दोनदा वाचलं, घरचं कोणीच दिसेना म्हणून.

आंतोननं रस्त्यातच हात पुढे केला. "दे इकडे. बाबानं पंचवीस वर्षं चालवलं, हिनं महिन्यात मारलं."

मी ते दिलं नाही. पण बाबांचं घड्याळ मी मारलं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी रजा टाकून बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी झाकण उघडलं, भिंग लावलं, झाकण बंद केलं आणि डॉक्टरसारखं माझ्याकडे पाहिलं.

"काम काय करता?"

"ऑफिसात आहे."

"बसून?"

"बसूनच."

"आणि घरी?"

मी हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला.

मग त्यांनी समजावलं. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंगला पीळ बसतो. "घड्याळ ठणठणीत आहे. मनगट आळशी आहे. आधी कोण वापरायचं?"

"बाबा. जाळी ओढायचे."

त्यांनी मान हलवली आणि पैसे घेतले नाहीत. दया आली असावी.

घरी हे सांगितल्यावर आंतोन जमिनीवर बसून हसला. (तो रिक्षा चालवतो. माझ्या मते तेही बसूनच काम आहे.) आई हसली नाही. तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या, घड्याळ बांधलं आणि पाटीतले बोंबील साफ करायला घेतले.

आता ते आठवडाभर तिच्या हातावर बिनतक्रार चालतं. रविवारी मला मिळतं, अट एकच: नारळ खवायचे, कोळंबी सोलायची, भांडी घासायची. परवाच्या रविवारी घड्याळ दिवसभर न थांबता चाललं. माझा हात मात्र साडेचारलाच बंद पडला.