मागच्या अंगणातले तीन ढीग

अमेरिकेत, सिएटलजवळच्या रेडमंडला आमच्या मागच्या अंगणात मातीचे तीन ढीग होते. ते पावसाने वाहून गेले, असं घरात सगळे दीड वर्ष समजत होते. इथे पाऊस एवढा पडतो की त्याच्यावर काहीही ढकललं तरी खपतं. ते ढीग मी फावड्याने मोडले होते, एका सोमवारी सकाळी, पहिला चहा घ्यायच्याही आधी.

मोल नावाचा एक उंदरासारखा प्राणी इथे जमीन पोखरतो आणि माती वर फेकतो. मुलाच्या मते तो लॉनचा प्रॉब्लेम होता. माझ्या विहीणबाईंच्या मते प्रत्येक ढिगात एक म्हातारा राहत होता.

माझी सून फिलिपिनो, मुलाच्याच ऑफिसातली. तिची आई सिएटलच्या पलीकडे, थोरल्या मुलाकडे राहते. दर शुक्रवारी त्या दोन बस बदलून आमच्याकडे यायच्या आणि रविवारी संध्याकाळी जायच्या. त्यांच्यात व्याह्याला ‘बलाए’ म्हणतात. अमेरिकेत व्याह्यांसाठी शब्दच नाही, त्यामुळे आपल्यासारखी आणखी एक भाषा सापडल्याचा मला आनंद झाला होता. मी त्यांना विहीणबाई म्हणायचो, त्या मला बलाए. बाकी सगळं इंग्रजीत, दोघांच्याही मोडक्यातोडक्या.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी नातीला ढिगावर उडी मारताना पकडलं. म्हणाल्या, हे घर आहे. आतला म्हातारा दिसत नाही, पण चिडला की पाय सुजवतो. जवळून जाताना ‘ताबी-ताबी पो’ म्हणायचं, म्हणजे जरा बाजूला व्हा, आम्ही जातोय. नात सात वर्षांची. तिला हे इतकं आवडलं की किराणा दुकानात ट्रॉली पुढे काढतानाही ती अनोळखी लोकांना ताबी-ताबी पो म्हणू लागली.

मला ते आवडलं नाही. मी नागपूरचा. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव स्वतः उचलून नदीत सोडले. अंगात येणं, उतारे, नवस, यातून बाहेर पडायला आमच्या माणसांनी काय सोसलंय ते मी पाहिलंय. त्यामुळे मी विहीणबाईंना टोमणे मारायचो.

“रविवारी चर्च आणि सोमवारपासून उंदराचं बीळ?”

“बलाए, तुम्ही म्हणता देव नाही. मग बुद्धापुढे रोज हात का जोडता?”

“तो आदर आहे. आम्ही मागत काही नाही.”

“मग मीसुद्धा काय मागते? जरा बाजूला व्हा, एवढंच.”

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

एकदा त्या मला भाज्या चिरता चिरता त्यांच्याकडच्या जुन्या गोष्टी सांगत होत्या. स्पॅनिश लोक यायच्या आधी त्यांच्याकडे पूजाअर्चा, औषधपाणी, मेलेल्यांशी बोलणं, हे बहुतेक बायकांच्या हातात असायचं. घरात पूर्वजांच्या लाकडी मूर्ती असायच्या. पाद्र्यांनी त्या गोळा करून जाळल्या. “मूर्ती जाळता आल्या,” त्या म्हणाल्या. “पण आमच्याकडे हा म्हातारा वारुळात राहतो. वारुळं कोण जाळणार? म्हणून तो राहिला.” मी “हं” म्हटलं आणि कांदा पुढे सरकवला.

मग तो सोमवार. मधल्या ढिगापाशी पानावर मूठभर भात आणि उकडलेलं अंडं ठेवलेलं दिसलं. मी पाहिलं आणि माझं डोकं सणकलं. थेट उताराच! माझ्या नातीच्या अंगणात! मी फावडं आणलं, तिन्ही ढीग सपाट केले, वर गवताचं बी टाकलं, आणि भात-अंडं कचऱ्यात. नंतर चहा फार छान लागला, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

पुढच्या शुक्रवारी विहीणबाई पुदिना तोडायला मागे गेल्या. ढीग दिसलेच नाहीत, तर त्या थांबणार कशा? रविवारी त्यांचा घोटा सुजून टमाट्यासारखा लाल झाला. डॉक्टर म्हणाले, युरिक ॲसिड. गोळ्या दिल्या. विहीणबाईंनी गोळ्या घेतल्या, आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं,

“बलाए, तिथे तीन ढीग होते ना?”

“पावसाने वाहून गेले असतील,” मी म्हणालो.

“म्हणजे मी त्यांच्या घरावरून चालत गेले. न विचारता. डोळे गेले माझे.”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्यांना उशी आणून दिली.

पाय आठवड्यात बरा झाला, पण त्या यायच्या बंद झाल्या. सुनेला त्यांनी सांगितलं, म्हाताऱ्याचा माझ्यावर राग आहे, तो पोरीवर निघायला नको. नात फोनवर रोज विचारायची, “लोला, यू कमिंग धिस फ्रायडे?” लोला म्हणजे आजी. लोला म्हणायची, पाय दुखतोय. पाय दुखत नव्हता, हे मला माहीत होतं. सून मधून मधून जाऊन आईने केलेल्या लुंपिया, म्हणजे आपल्या स्प्रिंग रोलसारख्या सुरळ्या, डबाभर घेऊन यायची. त्यातल्या निम्म्या मी खायचो. नात हळूहळू विचारायची थांबली. शुक्रवारी ती आता टॅब्लेट घेऊन बसायची.

वडिलांनी देव सोडले ते आपले, आणि आपल्या हाताने. मी मोडलं ते दुसऱ्याचं होतं, आणि लपून. हे मला भाजी चिरताना सुचायचं, आंघोळीला सुचायचं. पण सांगायचं म्हटलं की जीभ उचलायची नाही.

या मार्चमध्ये नात ओरडत घरात आली. “आजोबा! ही इज बॅक!” कुंपणाजवळ नवा, ताजा, ओल्या मातीचा ढीग. मोलने माझी सोय केली होती. आता काहीच कबूल करायची गरज नव्हती. मी लगेच फोन लावला.

“विहीणबाई, तुमचा म्हातारा परत आला.”

मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी मला माफ केलं?”

‘मला’ म्हणाल्या. मी भिंतीला टेकलो आणि सगळं सांगून टाकलं.

“तुम्ही?” त्या म्हणाल्या. “कशाने?”

“फावड्याने.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

“आणि अंडं?”

“कचऱ्यात.”

“दीड वर्ष! दीड वर्ष मी रोज माफी मागतेय, आणि तुम्ही बसून माझ्या लुंपिया खाताय!” पुढचं सगळं त्यांच्या भाषेत होतं. ते मला कळलं नाही, पण समजलं.

शनिवारी मुलगा त्यांना घेऊन आला. त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. मला तसंच मागे नेऊन ढिगासमोर उभं केलं.

“मी प्रार्थना करत नाही,” मी म्हणालो.

“कोण म्हणतंय करा? शेजाऱ्याचं कुंपण मोडलं तर काय करता?”

मी मराठीत म्हणालो, “चूक माझी होती. यांची नव्हती. माफ करा.”

“ही डझन्ट नो मराठी!” नात म्हणाली.

“म्हातारे आहेत. येत असेल,” विहीणबाई म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. “हे त्यांचं झालं. माझं राहिलं.”

त्यांनी सुनेला प्रकरण सांगितलं, त्यात मी कुदळ घेऊन नाचत होतो आणि गाणंही म्हणत होतो. ते खरं नाही, म्हणून हे नीट लिहून ठेवतोय. बाकी त्या सांगतात ते बरोबर आहे.

मी ड्राइव्ह करत नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी दोन बस बदलून मी त्यांना आणायला जातो, आणि त्याच दोन बसने आम्ही परत येतो. त्या खिडकीशी बसतात, त्यांची जड पिशवी माझ्या मांडीवर. वाटेत त्या शेजारच्या प्रवाशांना विचारतात, “तुम्हाला माहीत आहे का, माझ्या बलाएने काय केलं?” आणि सांगतात. माफ केलं असं अजून म्हणालेल्या नाहीत. गेल्या शुक्रवारी एका बाईने ऐकून मला विचारलं, खरंच? मी म्हटलं, हो, तिन्ही.