एकटं राहण्याचा सराव

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझ्या धाकट्या बहिणीची एका वर्षासाठी इंग्लंडच्या विद्यापीठात जायला निवड झाली. ती अंधेरीच्या एका कॉलेजातून अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. तिच्यासोबत आणखी तिघं होते. जाण्याआधी दर शनिवारी दुपारी या चौघांचा तयारीचा वर्ग भरे. तो घेणाऱ्या मॅडम स्वतः तिथे दोन वर्षं राहून आल्या होत्या. वर्गात काय शिकवलं याची नोंद बहिणीच्या वहीत आहे. गार आणि गरम पाण्याचे नळ वेगळे असतात. दुसऱ्यांदा कुणी आग्रह करत नाही, हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. लोकरीचे कपडे उकळत्या पाण्यात भिजवू नका. जिन्यात भेटलेल्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असं विचारू नका.

ही शेवटची सूचना तिने घरी वाचून दाखवली.

“मग जिन्यात बोलतात काय?” बाबांनी विचारलं.

“हवामानावर.”

“आणि हवामान बरं असलं तर?”

बहिणीने वही मिटली.

वर्गाचा शेवटचा धडा वहीत लिहिण्याचा नव्हता. आदल्या वर्षी गेलेला मुलुंडचा एक मुलगा तीन महिन्यांत परत आला होता. कारण तब्येतीचं दिलं होतं. मॅडमना खरं कारण माहीत होतं. त्याला तिथे स्वतंत्र खोली मिळाली होती आणि तो जन्मात कधी खोलीत एकटा झोपला नव्हता. म्हणून या वर्षी मॅडमनी ठरवलं, की चौघांपैकी प्रत्येकाने आधी तीन दिवस एकट्याने राहून दाखवायचं. घरच्या कुणीतरी मोठ्याने तसं लिहून सही करायची. ज्याला जमणार नाही त्याची जागा यादीतल्या पाचव्या उमेदवाराला. पाचवा उमेदवार वसतिगृहात वाढलेला होता, ही माहिती बहिणीने स्वतःच मिळवली होती आणि तिला ती मुळीच आवडली नव्हती.

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत सात माणसं होती. आईबाबा, आम्ही दोघं, काका, काकू आणि त्यांचा मुलगा. एकांत हवा असेल तर मोरीत जावं लागे, आणि तिथेही दारावर थाप पडून ‘किती वेळ?’ असं विचारलं जाई. सरावाची जागा मावशीने दिली. तिचा बोरिवलीचा ब्लॉक तयार होता, पण मुलाच्या परीक्षेमुळे ती अजून राहायला गेली नव्हती.

आई चिडली की मालवणीवर येई. “माणसान एकट्यान कित्याक रवाचा?” तिने विचारलं. माणसाने एकटं राहायचंच कशाला, हे तिला पटेना. मग तिने तीन दिवसांचे लाडू, चिवडा आणि लोणचं बांधून दिलं आणि आपण स्वतः बोरिवलीला फिरकणार नाही असं कबूल केलं. तो शब्द तिने पाळला. बाकीच्यांना पाठवलं.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. “तू पेपरात आहेस, कागद तूच लिही,” असं ठरलं. त्यामुळे पुढच्या वेळा अंदाजाने दिलेल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी नऊला काका तिला सोडून आले. साडेदहाला समोरच्या ब्लॉकमधल्या गुजराती बाई आल्या. “अकेली लडकी को ऐसे छोडते क्या?” असं म्हणून त्यांनी दुपारचं ताट आणलं, चहापर्यंत तिथेच बसल्या आणि रात्री स्वतःच्या मुलीला सोबतीला झोपायला पाठवलं. संध्याकाळी बाबा येऊन गेले. त्यांचं काम अंधेरीला, घर घाटकोपरला. बोरिवली या दोहोंच्या वाटेवर लागत नाही. तरी ते ‘जाता जाता’ नळ गळतो का ते पाहायला गेले. नळ गळत नव्हता. ते दोन तास थांबले.

शनिवारी सकाळी काका राहिलेली चादर घेऊन गेले. दुपारी मावशी स्वतःचं घर बघायला गेली. संध्याकाळी काकू मुलाला घेऊन गेल्या आणि उशीर झाला म्हणून तिथेच राहिल्या. रविवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी त्या निघाल्या.

ती एकटी आहे ना, याची खात्री करायला मी त्याच दिवशी पावणेपाचला पोचलो. दाराला कुलूप होतं. समोरच्या बाई वसईला लग्नाला गेल्या होत्या. मी जिन्यात उभा राहून काय काय झालं असेल याचा विचार करत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून तिचं हसू ऐकू आलं. वर गेलो. एका अनोळखी म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात ती पाटावर बसली होती. मधे भाताचं पातेलं होतं.

“दादा, तू पण आलास?” ती म्हणाली. “बस. भात खूप आहे.”

घरी आल्यावर बाबांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. ‘उमेदवार सलग तीन दिवस एकटा राहिला काय?’

“हो म्हणून लिही,” बाबा म्हणाले. “राहिलीच ना ती तिथे.”

“राहिली. एकटी नाही राहिली.”

“कोण बघायला आलंय?”

“तेच तर, बाबा. सगळेच आले,” बहीण म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “खरं लिही, दादा. तिकडे जाऊन नाही जमलं तर वाट लागेल माझी. त्यापेक्षा इथेच कळू दे.”

हे बोलताना ती कागदाकडे बघत नव्हती. मी लिहिलं: भेटीला आलेल्या व्यक्ती आठ, अहवाल लिहिणारा धरून. सलग एकटी राहण्याचा सर्वांत मोठा अवधी, रविवारी दुपारी एक दहा ते साडेतीन. दोन तास वीस मिनिटं. सही केली.

सोमवारी मॅडमनी तो कागद आमच्यासमोर दोनदा वाचला. बाकी तिघांच्या कागदांवर नुसतं ‘होय’ होतं.

“साडेतीनला काय झालं?” त्यांनी विचारलं.

“वरच्या मजल्यावर गेले, मॅडम.”

“ओळखीचे होते?”

“नाही. आधी तासभर दाराकडे बघत बसले, आता कोण येतंय म्हणून. कोणीच आलं नाही. काकांना वाटलं बाबा जातील, बाबांना वाटलं दादा जाईल. मग भात टाकला. हाताला सवय घरच्या अंदाजाची. सात जणांचा झाला. एकटीने किती खाणार? मग वर जाऊन दार वाजवलं.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. बहीण स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

“तो मुलुंडचा मुलगा,” त्या म्हणाल्या, “तीन महिन्यांत त्याने एकदाही कुणाचं दार वाजवलं नाही. वाट बघत बसला, कोणीतरी येईल म्हणून.” त्यांनी कागदावर सही केली आणि तो फायलीत ठेवला. “आणि जिन्यात काय विचारायचं नाही?”

“कुठे निघालात ते.”

“मग वरच्या आजोबांना काय विचारलंस?”

“भात खाणार का, विचारलं.”

“ते चालतं,” मॅडम म्हणाल्या.

ती सप्टेंबरात गेली. पहिलं पत्र पंधरा दिवसांनी आलं. खोली लहान आहे, खिडकीतून एक भिंत दिसते, नळ सांगितले होते तसेच आहेत. खाली एक ओळ होती: भाताचा अंदाज अजून चुकतोय, शेजारच्या खोलीतली मुलगी आता ताट घेऊनच येते.

पत्राचं उत्तर मी लिहिलं. घरातल्या प्रत्येकाने आपापलं काय ते सांगितलं, त्यात पानं भरली. आई शेवटपर्यंत चुलीशी होती. काय लिहू, विचारलं, तर वळलीही नाही.

“लिही,” ती म्हणाली, “चुकू दे.”