तळ्यापासून साठ पावलं

नव्या राजधानीकडे जाणाऱ्या बसमध्ये ते म्हातारे गृहस्थ मला दर सोमवारी भेटत. पिशवीत पटवाऱ्याकडून मिळवलेली जुन्या गावाच्या नकाशाची नक्कल. कंडक्टर सेक्टरचा आकडा ओरडला की चिडायचे. "गावाले नाव होतं ना भैया, नंबर काहून सांगता?" त्यांचा आजा त्या गावात शाळामास्तर होता. घर यांनी कधी पाहिलंच नव्हतं, बापाकडून नुसतं ऐकलेलं. तळ्याच्या पाळीपासून साठ पावलं, पूर्वेकडे दार.

एका सोमवारी मीही त्यांच्यामागे गेलो. गाव नव्हतं, तळं मात्र होतं. पाळीवरून पावलं मोजत ते थेट आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये आले, नकाशा पाहिला आणि चपला काढल्या. डांबर चांगलंच तापलेलं.

"काका, पाय भाजतील."

"हव. पण घरात चपला घालून कसा जाऊ?"

दोन गाड्यांच्या मधे ते बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बाहेर काहून उभे? या ना."

इथं नोकरीला सहा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मला कुणी असं 'या' म्हटलं नव्हतं. मी बूट काढले.