पुलाखालचे मोठेबाबा

माझ्या मोठेबाबांनी आयुष्यात जे जे उभारले, त्या प्रत्येक वस्तूखाली ते स्वतः उभे राहिले. आणि जिच्याखाली उभे राहणे शक्य नव्हते, तिच्याखाली ते झोपले. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून ते पुराव्यांनिशी मांडणे भाग आहे. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तारुण्यात ते सैन्यात, नद्यांवर पूल टाकणाऱ्या तुकडीत होते. पूल तयार झाला की त्यावरून पहिली गाडी जाताना तो बांधणाऱ्याने थेट खाली उभे राहायचे, अशी त्या तुकडीची रीत होती, असे ते सांगत. पुढे सैन्य सुटले, गणवेश ट्रंकेत गेला, बांधकाम खात्यात अभियंत्याची नोकरी लागली, आणि ती संपून अमरावतीत निवृत्तीही सुरू झाली. ती रीत मात्र बदलीचा हुकूम कधीच न आलेल्या कर्मचाऱ्यासारखी त्यांच्याजवळ ठाण मांडून बसली.

खात्यात असताना त्यांनी तेल्हाऱ्याकडच्या एका नाल्यावर छोटा पूल बांधला. पहिला मान कापसाने भरलेल्या एका ट्रॉलीचा होता. ट्रॅक्टर पुलाच्या तोंडाशी आला, आणि चालकाला नाल्यात, बरोबर पुलाच्या पोटाखाली, हाताची घडी घालून उभे असलेले साहेब दिसले. त्याने इंजिन बंद करून विचारले, “साहेब, तुमी खाली काहून उभे हा?” मोठेबाबांनी प्रामाणिकपणे सांगितले, “पूल पडला त मले कोनाले तोंड दाखवाले लागू नये म्हनून.” या उत्तराचा हेतू विश्वास निर्माण करण्याचा होता. परिणाम असा झाला की चालकाने ट्रॅक्टर मागे घेतला, शेजारच्या उतारावरून नाल्यात घातला, आणि ट्रॉली चाके बुडेपर्यंत काळ्या चिखलात रुतवली. ती ओढून काढण्यासाठी दुसरा ट्रॅक्टर आणावा लागला, तो पुलावरूनच आला, आणि अशा रीतीने पुलाचे उद्घाटन झाले. मोठेबाबा खाली होतेच. चिखलासकट.

घर हे त्यांच्या दृष्टीने कायम बांधकाम सुरू असलेले ठिकाण होते, आणि त्यातली माणसे ही त्या बांधकामाचे एकमेव प्रयोजन. दिवाणखान्यातला पंखा त्यांनी स्वतः टांगला, आणि घरातल्या कोणालाही त्याखाली बसू देण्याआधी आठवडाभर दुपारची झोप त्याच्या नेमक्या मध्याखाली घेतली. ती सवय पुढे सुटलीच नाही. खिडकीबाहेर कूलरसाठी लोखंडी चौकट बसवली, कूलर पाण्याने काठोकाठ भरला, आणि वैशाखाच्या उन्हात ते त्याच्याखाली जाऊन उभे राहिले. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकून त्यांचा सदरा भिजला. ती चौकट जोडून देणारे शेजारचे वेल्डर रशीदभाई कुंपणावरून म्हणाले, “साहेब, न्हायाचं असन त अंदर न्हा ना, बाल्टी हाय.” मोठेबाबा हलले नाहीत. मोठीआई, म्हणजे त्यांची पत्नी, दारातून फक्त टॉवेल पुढे करत असे. तिने त्यांना कधी अडवल्याचे मला आठवत नाही. वाळलेला टॉवेल मात्र ती कायम दाराजवळच्या खुंटीवर ठेवी.

त्यांची एकुलती मुलगी, आमची ताई, अकोल्यात दिली. तिच्याकडे नळ गळू लागला की मोठेबाबा अमरावतीहून पिशवीत पान्हा घालून एसटीने निघत. अकोल्यात पान्हेही मिळतात आणि प्लंबरही, ही माहिती त्यांना अनेकदा देण्यात आली होती; ती त्यांनी निराधार मानली असावी. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा चहा येईपर्यंत ते बैठकीतून दिसेनासे झाले. शोधाअंती स्वयंपाकघरात, पितळी भांड्यांनी भरलेल्या माळ्याखाली, मान वर करून उभे असलेले सापडले. ताईच्या सासूबाई व्याह्यांकडे पाहत घाबरून कुजबुजल्या, “इवाई काय शोधून रायले?” ताई शांतपणे म्हणाली, “काही नाही, आई. मी रोज इथं उभी राहते ना, म्हणून.” त्या घरात ताईला त्या दिवसानंतर कोणी टाकून बोलले नाही, असे ती सांगते. कार्यकारणसंबंध सिद्ध करणे कठीण आहे.

माझा त्यांच्याशी वाद मूलतः तात्त्विक होता. मी धातूंना येणाऱ्या थकव्यावर संशोधन करते: वारंवार भार पडून पोलाद कसे, कधी आणि का तुटते, हा माझा विषय. माझे म्हणणे असे की खाली उभ्या राहिलेल्या माणसामुळे पुलाविषयीच्या माहितीत कोणतीही भर पडत नाही. भार मोजा, ताण काढा, वाळूची पोती ठेवून पाहा. तिथे परीक्षा संपते. मोठेबाबांना हे सगळे मान्य होते, हीच खरी अडचण होती. त्यांची गणिते माझ्याहून काटेकोर असत आणि पोतीही ते ठेवतच. “मग उभं का राहायचं?” मी चिडून विचारी. “तुले नाही समजनार,” ते म्हणत, “तू आतापर्यंत कोनासाठी काही बांधलं नाही.” मोठीआई तांदूळ निवडता निवडता मध्येच म्हणे, “लोखंडाले थकवा येते म्हनते पोरगी. चाळीस मानसांचा सैपाक करनाऱ्या बाईले कोनी इचारलं का?” आणि वाद तिथेच संपे.

मग मोठीआई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. वॉकर घेऊन ती तळमजल्यावर फिरूही लागली. पण जिना तिला बंद झाला, आणि जिन्याच्या टोकाला गच्ची होती. ज्यांनी वऱ्हाडातला उन्हाळा पाहिला नाही त्यांना याचा अर्थ कळणार नाही. कुरडया, पापड, सांडगे, वर्षाच्या मिरच्या, कठड्यावरून चालणाऱ्या गप्पा, हे सारे गच्चीवर घडते. मोठीआईचे राज्य तिथे होते, खाली ती फक्त राहत असे. ती तक्रार करत नव्हती. ती बोलेनाशी झाली, आणि हे अधिक वाईट होते. “आता मी खालचीच,” एवढे एकदा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ताईने अकोल्याहून येऊन स्पष्ट सांगितले: आई उठून बसणार नसेल, तर मी दोघांना घेऊन जाते. मोठेबाबा उठले, अंगणात गेले, आणि गच्चीच्या कठड्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

मोठीआईला गच्चीवर नेणारा पाळणा तयार व्हायला हिवाळा सरला. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यात पट्टा असलेली खुर्ची, पोलादी दोर, पिंजऱ्यात आणि गच्चीवर बटणे असलेली मोटार, आणि दोर सैल पडताच आपोआप जखडणारा ब्रेक. जोडकाम रशीदभाईंचे. दोराची निवड मी केली, आणि माझी आकडेमोड मोठेबाबांनी लाल पेनाने तपासली. सिमेंटची पोती वर गेली, गव्हाची पोती वर गेली, मग रशीदभाई स्वतः बसून वर गेले आणि गच्चीवरून “भाभी, एकदम हवाईजहाज!” असे ओरडले. प्रत्येक वेळी मोठेबाबा खाली उभे होते. आता त्यांचे वय असे झाले होते की उभे राहण्यासाठीही त्यांना काठी लागे.

पाडवा होऊन गेल्यावर एका सकाळी मोठीआईला अंगणात आणून खुर्चीत बसवले. पट्टा लावला. मोठेबाबा पाळण्याखाली जाण्यासाठी निघाले आणि मोठीआईने पट्टा सोडला.

“तुमी खाली उभे रायसान त मी बसत नाही.”

“मी खाली उभा राहीन तवाच तू वर जाशीन.”

“तुमच्या डोक्यावरून पाय घेऊन जाऊ? लोक काय म्हनतीन?”

“पाय आखडून बस.”

“खुबा मोडला माहा, पाय काय आखडू? अन् दोर तुटला त?”

“दोर तुटत नाही. हे पोरगी सांगून रायली, मी सांगून रायलो.”

“दोर तुटत नाही?”

“नाही.”

“मंग तुमी खाली काहून उभे रायता?”

रशीदभाई हळूच म्हणाले, “साहेब, भाभीनं पकडलं.” मी इतकी वर्षे जो मुद्दा मांडत होते तो इतक्या कमी शब्दांत मला कधी जमला नव्हता, हे मी येथे नोंदवते. मोठेबाबा काठी उगाच जमिनीवर फिरवत राहिले. पाळणा रिकामाच राहणार, ताई अकोल्याची गाडी ठरवणार, आणि मोठीआई पुन्हा भिंतीकडे वळणार, असे आम्हा सगळ्यांना क्षणभर दिसून गेले.

मग मोठीआईचा आवाज उतरला. “सारा जनम तुमी खाली उभे रायले. आता वर जा. वर पोचल्यावर मले उतराले कोनाचा तरी हात पायजे ना?”

मोठेबाबा जिना चढू लागले. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी वळून खाली पाहिले. पाळण्याखालच्या रिकाम्या जागेकडे. मी जाऊन तिथे उभी राहिले.

“तशी नको,” ते वरून म्हणाले. “थोडी इकडं सरक. मधात राय.”

मी मध्यभागी सरकले. मोटार सुरू झाली, पाळणा माझ्या डोक्यावर आला. दोर किती भार पेलतो हे मला ठाऊक होते. मोठीआई त्याच्या क्षुल्लक अंशाएवढीही नव्हती. तरीही खालून मला प्रत्येक सांधा दिसला, कागदावर कधी दिसला नव्हता तसा, आणि प्रत्येक सांध्यावर टेकलेली ती: सुजलेली पावले, नव्या चपला, आणि माझ्या डोक्यावर येऊ नयेत म्हणून तिने कष्टाने एका बाजूला घेतलेले पाय. माझ्या हृदयाची गती वाढली होती. ती मोजण्याचे मला सुचले नाही. मग पाळणा कठड्यापलीकडे गेला आणि काहीच दिसेना. फक्त दोघांचे आवाज आले.

“आली?”

“आली.”

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त कुरडया झाल्या. त्यापुढच्या उन्हाळ्यांतही पाळणा रोज चाले. वर मोठेबाबा हात पुढे करून उभे, खाली घरातले जे कोणी असेल ते. ताई आली की ताई, रशीदभाई असले की रशीदभाई. कोणी कोणाला सांगत नसे.

गेल्या वर्षी, दिवाळीआधीच्या उकाड्यात, मोठेबाबा दुपारच्या झोपेतच गेले. त्याच पंख्याखाली. पंखा व्यवस्थित फिरत होता. त्यानंतर पाळणा अंगणात तसाच उभा राहिला. मोठीआई त्याकडे पाहत नसे आणि ताई पुन्हा अकोल्याविषयी बोलू लागली होती.

या वर्षी मिरच्यांच्या दिवसांत मी सुट्टी काढून गेले. सकाळी मोठीआई वॉकर घेऊन स्वतःच अंगणात आली, पाळण्यात बसली आणि पट्टा लावला. मी विचारले, “वर कोणी जाऊ का?” तिने मान हलवून नकार दिला. “त्यायनं वर धराले दांडा बसवला हाय. धरीन मी.” बटणावर बोट ठेवून ती थांबली. “खाली कोन हाय?”

“मी आहे.”

“मधात राय.”

पाळणा वर गेला. पावले कठड्यापलीकडे दिसेनाशी झाली, पट्ट्याचा खटका वाजला, आणि नंतर बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. वर विचारणारे कोणी नव्हते. म्हणून मीच मान वर करून विचारले, “आली?”

थोड्या वेळाने उत्तर आले, “आली.” मग टोपल्यातून मिरच्या ओतल्याचा खसखसता आवाज आला, आणि शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी तिला हाक मारली. पाळणा रिकामा खाली येईपर्यंत मी तिथेच उभी होते.