आमचा इटालियन

कापडाचं टोक दोन बोटांत धरायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बुओन गुस्तो, साहेब! इटलीत असंच म्हन्त्यात. लई भारी पसंद हाय तुमची." लातूरच्या एका कापडदुकानात पॅन्टपीसच्या काउंटरवर उभा राहून हा गडी दिवसभर हेच करायचा. इटली त्यानं मोबाइलातच पाहिलेली. स्वतः हैदराबादच्या पलीकडं कधी गेला नाही.

मी त्याच दुकानाच्या माडीवर शिलाईला बसतो. त्यामुळं त्यानं वाखाणलेली सगळी घाण शेवटी माझ्याच मशीनखाली यायची. पोपटी असो, विटकरी असो, कशालाही बुओन गुस्तो! असली तोंडपुजी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्यांचा मनापासून तिटकारा आहे.

एकदा निलंग्याच्या एक मावशी जावयाला सोबत घेऊन त्याच्यासाठी कपडे घ्यायला आल्या. यानं डोळे मिटून आपला मंत्र म्हटला. मावशींना ऐकू आलं 'भुना गोश्त'.

"मुडद्या, मी कांदा बी खात न्हाई, अन् मला मटन इचारतोस व्हय?"

मावशी तरातरा बाहेर, मागं जावई. आमचा इटालियन रस्त्यापर्यंत धावला, "अवो मावशी, तुमच्या पसंदीला म्हनलो!" मी माडीवरून पोट धरधरून हसलो. मालकानं झाप झाप झापलं, तरी दुसऱ्या दिवशी ह्याचं पुन्हा तेच.

मग त्याच्या लेकीचं लग्न ठरलं. कोटाचं कापड घेऊन तो वर आला. मोरपंखी, वर चमक. टेबलावर पसरून माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

"कसं हाय, मास्तर?"

"बुओन गुस्तो," मी म्हणालो.

तो हसला नाही. "ते गिऱ्हाइकाला असतंय. तुमी खरं सांगा. तुमी खोटं बोलत न्हाई."

बरा सापडलास, म्हटलं मनात. "हे घालून मांडवात उभा राहिलास, तर व्याही बँडवाला समजून गळ्यात ढोल अडकवतील."

त्यानं कापडाची सावकाश घडी घातली. "लेकीनं पसंद केलतं," एवढंच बोलून खाली गेला. मला वाईट वाटलं का? छे! चांगली जिरली, असंच वाटलं. लग्नात तो साध्या पांढऱ्या शर्टावर फिरत होता.

पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि आठवड्याभरात तो गेला.

महिन्यानं त्याची लेक माडी चढून आली. पिशवीत तेच कापड. "काका, बाबांनी हे शिवलंच नाही. विचारलं की नुसते हसायचे. माझी पसंद त्यांना आवडली नव्हती का?"

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "आवडली होती की, पोरी. मिरवत आणलं होतं माझ्याकडं. लग्नसराईत मीच शिवून दिलं नाही."

डोळे भरून आले तिचे.

"एवढा एक कोट शिवला असता, तर काय बिघडलं असतं हो काका तुमचं?"