गुणवंताचं अर्धं राहिलेलं हेड

गुणवंता खोडे गेला तो १९८४ च्या फेब्रुवारीत, भर दुपारी. छातीत दुखतं म्हणाला, हात धुतले, आणि सौंसरहून नागपूरला नेताना जीपमध्येच संपला. बायको देवका शेजारी बसली होती. तिला रडू आलं नाही. तेरवी झाली तरी आलं नाही. बाया म्हणाल्या, दगड झाली. ती ते ऐकायची, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

गुणवंताचं बसस्टँडजवळ मोटारसायकलचं गॅरेज होतं. बुलेटच्या ॲल्युमिनियम हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, कामासाठी पांढुर्ण्यापासून लोक त्याच्याकडे यायचे. ओतीव हेड आतून खरबरीत असतंच. कार्बोरेटरकडून येणारी हवा तिथं अडखळते. तो ती वाट कानशीनं घासून गुळगुळीत करायचा. बारा वर्षं देवका त्याच्यासमोर बसून बॅटरीचा उजेड धरत होती, व्हॉल्व्ह घासून देत होती. तिचं नाव मात्र कोणी घेतलं नव्हतं.

तेरवीनंतर श्रीधर घाटोडे आला. पांढुर्ण्याचा संत्र्यांचा व्यापारी. त्याची बुलेट गॅरेजात खोलून पडलेली होती.

"वहिनी, लय वाईट झालं. हेड तसंच द्या. नागपूरले करून घेतो."

"घेऊन जा भाऊ," देवकाचा दीर वामन म्हणाला. "आम्ही दुकान बंदच करून राहिलो."

देवकानं हेड हातात घेतलं. धूर जायची बाजू झाली होती. हवा यायची बाजू अर्धी राहिली होती. तिनं आत बोट घालून फिरवलं. गुणवंताची कानस कुठं थांबली, ते बोटाला लागलं. तिला वाटलं, आता तरी काही होईल आपल्याला. झालं नाही.

"आठ दिवस द्या," ती म्हणाली.

वामन काही बोलणार होता, पण श्रीधरनंच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गॅरेज उघडलं. गोल कानस, काडीला गुंडाळलेला पॉलिश पेपर. गुणवंता म्हणायचा, भोक मोठं करायचं नाही, वाट सोपी करायची. वाट फार रुंद झाली तर हवेचा वेग मरतो. ती हळूहळू घासत राहिली. जेवायची आठवण राहायची नाही. वामनची बायको मनकर्णा डबा ठेवून जायची, संध्याकाळी तसाच परत न्यायची.

पाचव्या दिवशी तिनं हेड तपासायला लावलं. गुणवंतानं कापसाच्या जिनिंग मिलच्या भंगारातला एक पंखा आणून ठेवला होता. तो हेडमधून हवा ओढायचा, आणि बाजूच्या वाकड्या काचेच्या नळीत रंगीत पाणी वर चढायचं. पाणी जितकं कमी चढेल, तितकी हवा मोकळी. काम सुरू करायच्या आधी तिनं नळीवर केलेल्या खुणेवरच पाणी थांबलं. पाच दिवसांत काहीच बदललं नव्हतं.

पंखा चालू ठेवून तिनं तारेच्या टोकाला कापसाचा धागा बांधून आत सोडला. सगळीकडे धागा सरळ ताणून राहत होता. फक्त व्हॉल्व्हची दांडी जिथून खाली उतरते, तिथल्या उंचवट्यामागे तो गोल फिरायला लागला. तिथंच हवा अडत होती. पण तो उंचवटा फार घासला तर दांडीचा आधार जाणार होता. तिनं फक्त दोन्ही बाजू निमुळत्या केल्या, होडीच्या टोकासारख्या. दोन दिवस लागले. मग पाणी बोटभर खाली आलं.

वामन दारात उभा होता. "जमलं का?"

"हो."

"दादानं केलं असतं तसंच?"

"मले नाही माहीत," ती म्हणाली, आणि हात पुसले.

इंजिन जोडायला वामननंच मदत केली. पुढच्या आठवड्यात श्रीधर छिंदवाड्याला जाऊन आला. गाडीवरून उतरायच्या आधीच बोलायला लागला. "वहिनी, सिल्लेवानीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढून आलो! पहिले दुसऱ्यात टाकावं लागे. गाडी कशी श्वास घेऊन राहिली!"

"व्हॉल्व्हच्या टप्पेटला आवाज येऊन राहिला," देवका म्हणाली. "उभी करा, पाहून घेते."

श्रीधर जरा हिरमुसला. त्याला वाटलं होतं, बाई हसेल.

दुकान बंद झालं नाही. वामन खोलायचं-जोडायचं काम करायला लागला, आणि हेड देवकाकडे. ८८-८९ पर्यंत पांढुर्ण्याच्या गाड्या तिचं नाव विचारत येत होत्या. जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन परतताना एकदा मनकर्णानं तिला विचारलं, "भाऊजींच्या आठवणीसाठी करता का हो हे?"

देवकानं बसची खिडकी लावून घेतली.

"नाही वो. रडू येईल अशी आठवण अजून आलीच नाही मले."